कागदावर नसलेलं अर्थिंग : शटडाउननंतर सबस्टेशन चार्ज करतानाचं एक प्रकरण

गुरुवार होता. पुणे परिसरातल्या औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून सबस्टेशनची वर्षभर साठलेली कामं त्याच दिवशी उरकायची पद्धत आहे. सकाळी सातला घेतलेलं शटडाउन, म्हणजे कामासाठी बंद केलेली वीज, संध्याकाळी पाचला संपवायचं होतं. चार वाजून पंचवीस मिनिटांनी मुख्य एलटी (कमी दाबाच्या) पॅनेलच्या बसबारला, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, मेगर हा इन्सुलेशन मोजायचा मीटर लावला आणि पडद्यावर शून्य आलं, म्हणजे इन्सुलेशन नाहीच.

त्यानंतरच्या चार तासांत जे घडलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. कोणाला इजा झाली नाही, काही जळलं नाही, अपघात म्हणून याची कुठे नोंद नाही. तरी मला नोकरीत सगळ्यात जास्त शिकवलं ते याच प्रकरणाने. कंपनीचं, कंत्राटदाराचं, माणसांचं, कोणाचंही नाव घेत नाही. घडलं ते कुठल्याही कारखान्यात घडू शकतं.

जागा आणि काम

आमच्याकडे महावितरणचा पुरवठा २२ केव्हीचा. मीटरिंग क्युबिकलनंतर आमचा व्हीसीबी (व्हॅक्युम सर्किट ब्रेकर), तिथून केबलने १६०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या एलटी बाजूने बसडक्ट आणि पुढे ४३३ व्होल्टचं मुख्य पॅनेल. पॅनेलला २५०० अँपिअरचा इनकमर एसीबी (वीज आत घेणारा एअर सर्किट ब्रेकर), अकरा फीडर (वीज पुढे नेणाऱ्या शाखा) आणि एक कपॅसिटर बँक. शिवाय ५०० केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर) सेट, जो चेंजओव्हरमधून फक्त अत्यावश्यक भाराला वीज देतो.

त्या दिवशी चार टोळ्या कामाला होत्या. एक ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळत होती आणि एलटी बुशिंगची गॅस्केट बदलत होती. दुसरी व्हीसीबीचे रिले, म्हणजे दोष दिसला की ब्रेकर सोडवणारी उपकरणं, तपासत होती. तिसरी पॅनेल साफ करून बसबारचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळत होती. चौथी नव्या कॉम्प्रेसरसाठी ३०० चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर केबल पॅनेलच्या मागच्या बाजूने आणून जोडत होती. आमची माणसं धरून एकोणीस जण.

सकाळचं बंद करणं नीट झालं होतं. व्हीसीबी ट्रिप करून ट्रॉली बाहेर ओढली, केबलच्या बाजूचा अर्थ स्विच लावला, कुलूप घातलं, टॅग लावला आणि किल्ली लॉक बॉक्समध्ये टाकली. डीजीचा चेंजओव्हर ऑफवर आणून कुलूप लावलं आणि इंजिनाच्या बॅटरीची वायर काढून ठेवली. कपॅसिटर डिस्चार्ज केले. डिटेक्टर आधी चालू सर्किटवर लावून तो दाखवतो याची खात्री केली, मग बंद केलेल्या ठिकाणी लावला, मग पुन्हा चालू सर्किटवर. त्यानंतर तीन पोर्टेबल अर्थिंग लावली, म्हणजे तिन्ही फेज एकमेकांना आणि जमिनीला जोडणारे क्लँप आणि वायरीचे संच: ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (उच्च दाबाच्या) बुशिंगवर एक, एलटी बुशिंगवर एक आणि इनकमरच्या पुढे मुख्य बसबारवर एक. अर्थ स्विच धरून चार. परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, चारही जागा लिहिल्या होत्या.

हा अर्धा भाग बहुतेक ठिकाणी चांगला जमतो. बंद करताना माणूस स्वतःच्या जिवासाठी बंद करत असतो, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष तिथे असतं. संध्याकाळी चालू करताना तो दुसऱ्याच्या उत्पादनासाठी चालू करत असतो. अंग दमलेलं असतं, हात काळे झालेले असतात, घरी जायची बस दारात उभी असते आणि फोन वाजत असतो.

चार पंचवीस ते पाच

फोन उत्पादन विभागाचा होता. भट्टी संध्याकाळी सहापासून तापायला घेतली तरच शुक्रवारच्या पहिल्या पाळीला काम सुरू होतं. मागणी रास्त होती आणि वेळ आम्हीच कबूल केली होती. चार दहाला चारही टोळ्यांच्या प्रमुखांनी परमिटवर काम पूर्ण झाल्याची सही केली. तिन्ही पोर्टेबल अर्थिंग काढून आणून टेबलावर ठेवली. मी स्वतः मोजली, तीन. हत्यारं मोजली, तीही बरोबर भरली. इनकमर एसीबी आणि सगळे फीडर बंद ठेवून बसबारचा इन्सुलेशन रेझिस्टन्स घ्यायचा, तो ठीक आला की अर्थ स्विच काढून चार्जिंगला, म्हणजे वीज परत सोडायला, लागायचं, असा पुढचा क्रम होता.

रिले तपासणाऱ्या टोळीतला एक तरुण मेगर घेऊन उभा होता. १००० व्होल्टवर आर फेज ते अर्थ शून्य. वाय फेज शून्य. बी फेज शून्य.

कंत्राटदाराचे सुपरवायझर लगेच म्हणाले, "साहेब, सर्ज प्रोटेक्टर जोडलेला आहे, काढलेला नाही. मेगरचा व्होल्टेज त्यातूनच जातोय. म्हणून शून्य."

हे स्पष्टीकरण चुकीचं म्हणता येत नाही. सर्ज प्रोटेक्टरमध्ये (एसपीडी, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अर्थला वळवणारं उपकरण) व्हॅरिस्टर असतो. ठरावीक व्होल्टेजच्या वर तो वाहायला लागतो, आणि तो जोडलेला ठेवून १००० व्होल्टने मेगर केला तर रीडिंग पडतं. मी असं पडलेलं रीडिंग अनेकदा पाहिलेलं होतं. मी मान डोलावली. पुढची चार-पाच मिनिटं, प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या मनात हा विषय संपलेला होता. एसपीडी काढून पुन्हा मेगर घ्यायचा की तसंच चार्ज करायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि घड्याळ बघता माझा कल दुसऱ्या बाजूला झुकायला लागला होता.

आमच्या शिफ्टचे जुने वायरमन, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, मेगरच्या वायरी हातात घेऊन पॅनेलपाशी वाकलेले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "साहेब, अर्थला शून्य समजलं. मग आर आणि वायमध्ये पण शून्य का?"

त्यांनी कोणाला न विचारता फेज ते फेज रीडिंग घेतलं होतं.

मी मल्टीमीटर मागवला. बझरवर ठेवून आर-वाय लावला, तो वाजला. वाय-बी वाजला. बी ते अर्थ वाजला. रेझिस्टन्स ०.२ ओहम, म्हणजे जवळजवळ मीटरच्या वायरींचाच.

हा भाग जरा समजून घेण्यासारखा आहे. मल्टीमीटरच्या बॅटरीचं व्होल्टेज इतकं कमी असतं की त्यावर व्हॅरिस्टर वाहतच नाही. एसपीडी दोषी असता तर मेगरवर रीडिंग पडलं असतं, पण मल्टीमीटरने सर्किट उघडं दाखवलं असतं. दुसरी शक्यता कंट्रोल ट्रान्सफॉर्मरची. पॅनेलमधले दिवे, पंखे, स्पेस हीटर, मीटर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतात आणि न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो. त्यामुळेही रीडिंग खाली येतं, पण त्यात काही ओहम तरी दिसतात, आणि कंट्रोलचे फ्यूज काढले की ते जातं. आम्ही फ्यूज काढले. ०.२ तसाच राहिला. ओलावा असता तर तो तिन्ही फेजमध्ये इतका सारखा आणि इतका पक्का दिसलाच नसता.

तीन फेज एकमेकांना आणि अर्थला धातूने जोडलेले. अर्थिंग सेट लावल्यावर नेमकं हेच दिसतं. आणि आमची तिन्ही अर्थिंग समोर टेबलावर होती.

मागची दारं

पॅनेलच्या मागच्या बाजूला अकरा उभी दारं आहेत, प्रत्येकाला आठ बोल्ट. सफाईच्या टोळीने दुपारी तीननंतर ती सगळी बंद करून आवळून टाकली होती. सुपरवायझर म्हणाले, "आमच्या माणसांनी आतून बघूनच लावलीत साहेब, परत कशाला उघडायची?" मी त्यांना एवढंच सांगितलं की शून्य कुठून येतंय ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. उत्पादन विभागाला फोन करून भट्टीला उशीर होईल असं कळवलं. तिकडून बोलणी बसली, ती ऐकून घेतली.

सातव्या दाराच्या आत, नव्या कॉम्प्रेसर फीडरच्या वर, उभ्या बसबारच्या तिन्ही पट्ट्यांना तीन क्लँप घट्ट बसवलेले होते. पारदर्शक आवरणातली तांब्याची वायर खाली जाऊन पॅनेलच्या अर्थ पट्टीला जोडलेली होती. वायर केबल ट्रेच्या मागून नेलेली असल्यामुळे दार लावणाऱ्या हेल्परला ती दिसली नसावी. सेट आमचा नव्हता. पाच चाळीसला तो काढला.

पाच चाळीसनंतर मी शांतपणे बसून आकडे मांडले, ते इथेही देतो. १६०० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे एलटी बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे २१३३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ६.२५ टक्के. एसीबी लावल्याक्षणी बसबारवर सुमारे ३४,००० अँपिअर गेले असते. त्या वायरीने हे जेमतेम एक-दोन सायकल सोसलं असतं, मग ती वितळून तिच्या जागी तीन फेजमध्ये विजेचा चाप (आर्क) पेटला असता. वरच्या बाजूला, २२ केव्हीवर, हाच प्रवाह ६७० अँपिअरच्या आसपास दिसतो. तिथला इन्स्टंटेनियस रिले मुद्दामच त्याहून वर ठेवलेला असतो, नाहीतर एलटी बाजूच्या प्रत्येक फॉल्टला तो सुटेल. म्हणजे तोडायचं काम इनकमर एसीबीवर, आणि त्याला खालच्या फीडरशी मेळ राखण्यासाठी ३०० मिलिसेकंदांचा विलंब दिलेला होता. पंधरा सायकल. बंद पॅनेलमध्ये पंधरा सायकल जळणारा चाप, आणि एसीबीचं बटण दाबायला दीड फुटावर उभे मामा.

ज्याने लावलं तो

अर्थिंग लावणारा माणूस केबलच्या टोळीतला होता. तिशीतला, अनुभवी. दुपारी दीडला कंत्राटदाराने त्याला दुसऱ्या साइटवर पाठवलं आणि त्याच्या जागी दुसरा आणला. फोनवर मी त्याला विचारलं तेव्हा त्याने आढेवेढे न घेता सांगितलं:

"हो साहेब, मीच लावलं. माझं डोकं त्या पट्ट्यांच्या मध्ये होतं. मागल्या वर्षी एका ठिकाणी डीजीचं उलटं आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचं अर्थिंग पार पुढे इनकमरला होतं, मला दिसत नव्हतं. म्हणून माझं लावलं."

मी ते दोनदा वाचावं तसं मनात दोनदा ऐकलं. हा माणूस बेफिकीर नव्हता. आपण प्रत्येक प्रशिक्षणात जे सांगतो, की काम करता त्या ठिकाणाच्या जवळ आणि दिसेल असं अर्थिंग असू द्या, तेच त्याने केलं होतं. उलट्या वीजपुरवठ्याची त्याची भीतीही खरी होती. डीजी किंवा इन्व्हर्टरकडून आलेली ४१५ व्होल्टची वीज एलटी बाजूने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली तर वरच्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहतात, आणि बंद समजून धरलेल्या तारेवर लाइनमन दगावतात ते याच रस्त्याने. त्याने स्वतःचा जीव नीट सांभाळला. फक्त ते लिहिलं गेलं नाही, आणि जाताना पुढच्याला सांगितलं गेलं नाही.

माझं या प्रकरणातलं मत याच जागी आहे. आपण निष्काळजी माणूस शोधत राहतो. इथे धोका निर्माण झाला तो काळजीतून, नोंद नसलेल्या काळजीतून. वाईट केलेलं माणूस लपवतो म्हणून ते आपण हुडकतो. चांगलं केलेलं मात्र सांगावंसंच वाटत नाही.

बदली माणसानेही खोटं काही केलं नाही. केबल जोडली, सॉकेट दाबली, दार लावायला मोकळं आहे असं सांगितलं. वर चढवलेले क्लँप त्याच्या डोळ्यांच्या रेषेच्या वर होते, आणि ते पॅनेलचंच काहीतरी असावं असं त्याला वाटलं.

पाळी बदलताना माहिती गळण्याचं जगातलं सगळ्यात भीषण उदाहरण उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-फलाटाचं आहे. ६ जुलै १९८८. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि तिथे नुसती झाकणाची प्लेट बसवलेली होती. ते सांगणारा परमिट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचला नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी या पंपाचा वीजपुरवठा परत जोडून तो चालू करायला घेतला. वायू गळून स्फोट झाला, आणि १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या, आणि परमिटची पद्धत हा त्यातला एक मोठा विषय होता. आमच्या अकरा दारांच्या पॅनेलची त्याच्याशी तुलना नाही. पण रात्रपाळीने हातात असलेल्या कागदांवर विश्वास ठेवला आणि कागद अपुरे होते, हे दोन्हीकडे सारखंच.

शोध चालू असताना सापडलेली दुसरी गोष्ट

मामा आणि दोघे जण मागची दारं उघडत होते तेव्हा बाकीच्यांना नुसतं उभं ठेवण्याऐवजी मी दोघांना शॉपमध्ये फेरी मारायला पाठवलं. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यातल्या एकाचा फोन आला: "साहेब, दोन नंबरच्या क्रेनवर माणसं आहेत."

मेकॅनिकल मेंटेनन्सचे दोन फिटर ईओटी क्रेनच्या (छताजवळ धावणाऱ्या विजेच्या क्रेनच्या) वर चढून ब्रेकचे लायनर बदलत होते. जवळच डीएसएलचे, म्हणजे क्रेनला वीज देणाऱ्या पट्ट्यांचे, कलेक्टर. त्यांच्याकडे परमिट नव्हता, क्रेनचा आयसोलेटर बंद केलेला नव्हता, कुलूप नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "आज पूर्ण पॉवर बंदच आहे ना."

शटडाउनचा फायदा असाच घेतला जातो. मुख्य वीज बंद आहे हे कळलं की प्रत्येक विभाग आपलं राहिलेलं काम काढतो आणि विजेच्या माणसांना त्याचा पत्ता नसतो. आमच्या चार परमिटवर एकोणीस नावं होती. कारखान्यात विजेच्या आसपास हात घातलेली माणसं एकवीस होती.

चार्जिंगआधी भोंगा वाजवायचा असं आमच्या पद्धतीत लिहिलेलं होतं. तो भोंगा ज्या फीडरवर होता तो याच पॅनेलमधला. म्हणजे वीज आल्याशिवाय भोंगा वाजणार नव्हता. इतकी वर्षं हे वाक्य दरवर्षी आमच्या कागदावर छापलं जात होतं आणि ते वाचताना कोणाला खटकलं नव्हतं, मलाही नाही.

हे लिहिताना मला अजून अस्वस्थ वाटतं, कारण ती फेरी नियमाने मारलेली नव्हती. शून्य आल्यामुळे वेळ हाताशी राहिला, म्हणून मारली. मेगर ठीक आला असता तर सहाच्या आत क्रेनचा फीडर लागला असता.

अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत, १९१०.३३३ मध्ये, वीज परत जोडण्याआधी काय करायचं ते मोजक्या शब्दांत आहे. हत्यारं, जंपर, शॉर्ट आणि अर्थ काढल्याची खात्री जाणत्या माणसाने तपासून आणि डोळ्यांनी बघून करायची. जवळच्या माणसांना आधी सूचना द्यायची. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. आणि सगळी माणसं दूर आहेत हे डोळ्यांनी पाहायचं. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षाविषयक विनियम आहेत, भारतीय मानक आयएस ५२१६ आहे. आम्हाला नियम माहीत नव्हते असं नाही. त्या दिवशी आम्ही मोजलेल्या अर्थिंगची खात्री केली होती, न मोजलेल्यांची नाही. आणि माणसं दूर आहेत हे आम्ही गृहीत धरलं होतं, पाहिलं नव्हतं.

पाच चाळीसनंतर

आता घाई करायची नाही असं ठरवून सगळं पहिल्यापासून घेतलं. अकराच्या अकरा दारं उघडून, टॉर्च मारून, वर खाली बघितलं. एका कप्प्यात फडकं सापडलं. एसपीडी सोडवला, कंट्रोलचे फ्यूज काढले, पुन्हा मेगर घेतला. तिन्ही फेज १८० मेगाओहमच्या आसपास, गेल्या वर्षीच्या २१० शी जुळणारं. मग एसपीडी आणि फ्यूज परत जोडले. हे परत जोडणं वेगळी ओळ म्हणून लिहिलं, कारण चाचणीसाठी सोडवलेली गोष्ट सुटीच राहून जाणं हा याच जातीचा दुसरा दोष आहे.

रिलेच्या टोळीने चाचणीसाठी सीटीच्या (रिलेला प्रवाह दाखवणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) शॉर्टिंग लिंक फिरवल्या होत्या. त्या शॉर्ट राहिल्या तर रिले आंधळा, आणि उघड्या राहिल्या तर सीटीच्या दुय्यम बाजूला जीवघेणा व्होल्टेज. प्रत्येक लिंकवर बोट ठेवून पाहिली. सेटिंग शीटशी एकेक आकडा ताडून घेतला. व्हीसीबी टेस्ट पोझिशनमध्ये लावून तीनदा ट्रिप केला: रिलेकडून, बुकोल्झकडून (ट्रान्सफॉर्मरच्या आतला दोष ओळखणाऱ्या रिलेकडून) आणि आणीबाणीच्या बटणावरून. चार्ज करण्याआधी ब्रेकर लागतो का यापेक्षा सुटतो का हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लागला नाही तर उशीर होईल. सुटला नाही तर काय होईल ते वर मांडलेलंच आहे.

ट्रान्सफॉर्मरचे रेडिएटर आणि कॉन्झर्व्हेटरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का पाहिले. तेल गाळल्यानंतर हे बंद राहणं अगदी नेहमीचं. बुकोल्झमधली हवा सोडली. एचटी-एलटी मेगर घेतला.

क्रेनवरची माणसं उतरली. शॉपच्या प्रत्येक भागाच्या प्रमुखाला समोर बोलावून विचारलं, "तुमची सगळी माणसं बाहेर आहेत का?" आणि नावं मोजली. सुरक्षारक्षकाला गेटवरचा हातातला कर्णा घेऊन सगळ्या शॉपमधून फिरवलं. टोळीप्रमुखांनी आपापली कुलपं स्वतः काढली. अर्थ स्विच सगळ्यात शेवटी उघडला, आणि त्यानंतर कोणीही कशालाही हात लावायचा नाही.

सहा पन्नासला व्हीसीबी लावला. इनकमर एसीबी उघडा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बिनभाराचा. सबस्टेशनमध्ये मी आणि मामा, बाकी सगळे बाहेर. पहिल्या क्षणी ट्रान्सफॉर्मर जड आवाजात घुमला. मॅग्नेटायझिंग इनरश, म्हणजे लावल्याक्षणीचा जास्तीचा प्रवाह, कधी पूर्ण भाराच्या आठ-दहा पट जातो आणि विरत विरत खाली येतो. आवाज बसला, एकसारखी गुणगुण राहिली. अर्धा तास तसाच ठेवला. गळती नाही, बुकोल्झचा अलार्म नाही. एसीबीच्या वरच्या टोकाला व्होल्टेज घेतला, तिन्ही फेज सारखे. एलटी बुशिंगचे जोड गॅस्केटसाठी उघडले होते म्हणून फेज सिक्वेन्स (फेजचा क्रम) दाखवणारा मीटर लावला, बरोबर. मग एसीबी. मग एकेक फीडर, प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला माणूस आणि फोन. कपॅसिटर बँक भार आल्यावर शेवटी.

नव्या कॉम्प्रेसरच्या केबलचा फेज सिक्वेन्स उलटा निघाला, दोन कोअर अदलाबदल झाले होते. फीडर पुन्हा बंद करून, कुलूप लावून, डिटेक्टरने बघून मगच ते फिरवले. स्क्रू कॉम्प्रेसर काही सेकंद उलटा फिरला तरी खराब होतो. साडेआठला सगळं चालू झालं. भट्टीला अडीच तास उशीर झाला.

नंतर

चौकशीच्या बैठकीत एक सूचना अशी आली की कंत्राटदाराच्या माणसांना स्वतःचं अर्थिंग आणायला आणि लावायला बंदी घालावी. मी विरोध केला. ज्याचं डोकं बसबारमध्ये आहे त्याला आणखी एक अर्थिंग हवंसं वाटलं तर ते मिळालंच पाहिजे, आणि मागताना संकोच वाटता कामा नये. बंदी घातली तर भीती कमी होणार नाही. तो चोरून लावेल, आणि मग फोनवरही खरं सांगणार नाही. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: अर्थिंग सेट कंपनीचे, हवे तितके, पण प्रत्येकाला मोठा पितळी क्रमांक आणि दीड मीटर लांब लाल पट्टा. सेट लावला तर पट्टा दाराबाहेर लोंबला पाहिजे, म्हणजे दार बंदच होणार नाही. सबस्टेशनच्या भिंतीवर फळी, फळीवर क्रमांक घातलेल्या खुंट्या. सेट नेताना खुंटीवर स्वतःच्या नावाचा बिल्ला अडकवायचा. चार्ज करायच्या वेळी कागदाआधी फळी बघायची. एक जरी बिल्ला असला तरी पुढे जायचं नाही.

दुपारी माणूस बदलला तर जुन्या माणसाने नव्या माणसासमोर, कामाच्या जागी उभं राहून, आपण काय लावलं आणि काय सोडवलं ते दाखवायचं आणि दोघांनी परमिटवर सही करायची. फोनवर नाही. प्रत्येक माणसाचं आपलं कुलूप लॉक बॉक्सवर. हाताने फिरवायचा भोंगा आणला. शटडाउनच्या आठवडाभर आधी सगळ्या विभागांना पत्र जातं, की त्या दिवशी काहीही उघडणार असाल तर परमिट घ्या, आणि चार्जिंगआधीची फेरी आता वेळ असेल तर मारायची राहिलेली नाही.

मेगरचं शून्य किंवा कमी रीडिंग आलं तर कारण तोंडी सांगून चालत नाही. ज्याच्यामुळे येतंय असं वाटतं ते सोडवायचं, पुन्हा मोजायचं, आणि दोन्ही आकडे लिहायचे. फेज ते फेज रीडिंग आता छापील तक्त्यातच आहे, मामांमुळे.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त झाले. केबलच्या टोळीतला तो माणूस त्यानंतरच्या दोन्ही शटडाउनला आला. त्याला कामावरून काढू नका असं मी कंत्राटदाराला त्याच दिवशी सांगितलं होतं. आता छतावर सोलर बसलंय. इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर आपोआप थांबतो, पण उन्हात सोलर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरी जिवंतच असतात, म्हणून परमिटमध्ये त्याची वेगळी ओळ आली. यंदाच्या शटडाउनला केबलच्या टोळीतल्या त्याच माणसाने सकाळी साडेसातलाच फळीवरून आठ नंबरचा सेट उतरवला, खुंटीवर स्वतःचा बिल्ला अडकवला आणि मला येऊन म्हणाला, "साहेब, सोलरच्या फीडरच्या मागं लावतोय. लिहून घ्या."